बॅरी बाँड्ससाठी दार कायमचं बंद करू नका : बेसबॉल हॉल ऑफ फेमच्या संचालक मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. जेन फोर्ब्स क्लार्क, अध्यक्ष, आणि सर्व संचालक,
नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेम, कूपर्सटाउन, न्यूयॉर्क

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२५ मध्ये तुम्ही नेमलेल्या १६ जणांच्या समितीनं हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनासाठी, ८ नावांवर मतदान केलं. पत्रकारांच्या मतदानात राहून गेलेल्यांचा विचार ही समिती करते. जेफ केंटला १४ मतं पडली आणि तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. कार्लोस डेलगाडोला ९, डॉन मॅटिंग्ली आणि डेल मर्फी यांना प्रत्येकी ६. बाकीच्या चौघांच्या नावापुढे आकडाच नाही. ‘पाचपेक्षा कमी’ एवढंच तुम्ही जाहीर केलंत. त्या चौघांतला एक सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा बॅरी बाँड्स, स्टेरॉइड्स घेतल्याच्या संशयामुळे आजवर बाहेर राहिलेला. कारकिर्दीत ७६२ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके), एका मोसमात ७३ होम रन, सात वेळा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. हे तिन्ही विक्रम बेसबॉलच्या अधिकृत नोंदींत आजही त्याच्याच नावावर आहेत.

मतदानात कुणी हरलं तर ते मान्य करावं लागतं. मला गप्प बसवत नाही ते तुमच्या नव्या नियमामुळे. २०२५ मध्येच तुम्ही ठरवलंत की ज्याला पाच मतं पडली नाहीत त्याचं नाव तीन वर्षांनी येणाऱ्या पुढच्या फेरीत विचारातच घ्यायचं नाही. त्यानंतर कधी ते यादीत आलं आणि पुन्हा पाच मतं पडली नाहीत, तर ते कायमचं बाद. म्हणजे २०२८ मध्ये बाँड्सचा विषय निघणार नाही. त्याच्या पुढची फेरी २०३१ ची. तेव्हा तो ६७ वर्षांचा असेल आणि त्याच्या हातात एकच संधी असेल. ती हुकली की विषय संपला.

या पत्राची इंग्रजी प्रत मी तुम्हाला टपालानं पाठवली आहे. मराठीत ते उघडपणे मांडतेय, कारण बे एरियापासून न्यू जर्सीपर्यंत कितीतरी मराठी घरांतली मुलं आज बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळतात. त्यांचे आईवडील क्रिकेटवर वाढलेले असले तरी शनिवारी सकाळी त्याच मैदानांच्या कडेला खुर्ची टाकून बसतात. हा खेळ आता आमचाही आहे. त्याच्या इतिहासाचं तुम्ही काय करता याच्याशी आमचा संबंध आहे.

मी मूळची नाशिकची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात आले आणि फ्रीमाँटला स्थिरावले. बेसबॉल मला कुणी बसवून शिकवला नाही. संध्याकाळी ८८० महामार्गावर गाड्यांची रांग लागलेली असायची आणि केएनबीआर रेडिओवर समालोचक जॉन मिलर तो खेळ माझ्यासमोर उभा करायचे. पिचर (चेंडू टाकणारा) काय विचार करतोय, कॅचरनं (यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा) बोटांनी काय खुणावलं, बॅटर बॉक्समधून बाहेर का आला, सगळं. जायंट्सची बॅटिंग असली आणि बाँड्सची पाळी जवळ आली असली, तर घरासमोर गाडी लावूनही मी आत बसून राहायचे. ऐकून ऐकून खेळ कळला, मग मैदानात जायला लागले.

एका उन्हाळ्यात बाबा नाशिकहून आले होते. गोल्फ क्लब मैदानावर रणजीचे सामने बघत त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांना घेऊन आम्ही सॅन फ्रान्सिस्कोला सामन्याला गेलो. वरच्या मजल्यावरच्या जागा, अंगात दोन-दोन स्वेटर, कारण खाडीवरचा वारा जुलैतही हाडात शिरतो. बाँड्स बॅट घेऊन आला आणि ४० हजार माणसं उभी राहिली. आणि समोरच्या संघाचा कॅचर उठून बाजूला सरकला, त्यानं हात लांब केला, पिचरनं चार चेंडू सरळ बाहेर टाकले. चेंडू बॅटच्या आवाक्यातच येऊ द्यायचा नाही, बॅटरला फुकट पहिल्या बेसवर पाठवायचं, पण खेळू द्यायचं नाही. मैदानभर हुर्यो उठली. आउटफिल्डच्या कठड्यावर कुणीतरी रबरी कोंबडी लटकवली. बाँड्सला मुद्दाम वॉक, म्हणजे असा फुकट बेस, दिला की तिथं एक कोंबडी वाढायची, भेकड पिचरची निशाणी म्हणून. बाबा चिडून उभेच राहिले. “अरे टाक की चेंडू! इतकी माणसं पैसे भरून आलीत ती काय हे बघायला?” त्यांना खेळाचे नियम धड ठाऊक नव्हते. पण मैदानावरच्या सगळ्यांत मोठ्या खेळाडूला समोरचे घाबरलेत, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. २००४ च्या एका मोसमात बाँड्सला २३२ वॉक मिळाले. त्यातले १२० असे उघड उघड मुद्दाम दिलेले होते.

आता तुमच्या मनातला प्रश्न मीच विचारते. बाँड्सनं स्टेरॉइड्स घेतली का? माझं प्रामाणिक मत विचाराल तर हो, घेतली. खाडीपलीकडच्या बर्लिंगेममधल्या, खेळाडूंना स्टेरॉइड्स पुरवणाऱ्या बाल्को या कंपनीवर सप्टेंबर २००३ मध्ये छापा पडला आणि तिथून पुढे जे बाहेर आलं ते मी रोजच्या रोज वाचलंय. ट्रेनरनं दिलेली वस्तू आपल्याला जवसाचं तेल आणि सांधेदुखीचं मलम वाटली, असं बाँड्सनं ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, सांगितलं. माझा त्यावर विश्वास बसला नाही, आजही बसत नाही. न्यायात अडथळा आणल्याबद्दल २०११ मध्ये तो दोषी ठरला आणि २०१५ मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल रद्द केला. कायद्यापुढे तो सुटला. माझ्या मनातली शंका त्यानं गेली नाही.

स्टेरॉइड्सचा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. माझी मुलगी हायस्कूलमध्ये सॉफ्टबॉल खेळायची. कॉलेजची स्कॉलरशिप, वजनं उचलण्याचे वर्ग, मैत्रिणींच्या बॅगांतले पावडरचे डबे, हे सगळं मी घरात बघितलंय. तिच्याकडच्या प्रत्येक डब्यावरची बारीक अक्षरं मी रात्री चष्मा लावून वाचत बसायचे. मार्च २००५ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर जी सुनावणी झाली, तीत मार्क मॅग्वायर, सॅमी सोसा आणि राफाएल पाल्मेरो या बड्या खेळाडूंची साक्ष सगळ्यांच्या लक्षात राहिली. माझ्या लक्षात राहिले ते त्यांच्याआधी बोललेले आईवडील. स्टेरॉइड्सच्या नादानं त्यांची तरणीताठी मुलं गेली होती, त्यांनी स्वतःचा जीव घेतला होता. त्यातलं एक कुटुंब इथलंच, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचं. त्यामुळे ‘सगळेच घेत होते, सोडून द्या’ असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे.

माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार ही की तुम्ही एकाच काळाला दोन मापं लावलीत.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला आणि वर्ल्ड सिरीज ही मोसमाची अंतिम मालिका रद्द झाली. लोक चिडले. १९९५ मध्ये सामन्यांना येणाऱ्या प्रेक्षकांची सरासरी सुमारे २० टक्क्यांनी घसरली. मग १९९८ चा उन्हाळा आला. मॅग्वायर ७० होम रन, सोसा ६६. रॉजर मॅरिसचा १९६१ मधला ६१ चा विक्रम दोघांनी मोडला आणि स्टेडियमं पुन्हा भरली. त्याच ऑगस्टमध्ये एका वार्ताहराला मॅग्वायरच्या लॉकरमध्ये स्नायू वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या अँड्रोस्टेनेडाइओनची बाटली दिसली. ऑलिंपिकमध्ये आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये त्या औषधावर बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती. मालकांनी, बेसबॉलचा प्रमुख असलेल्या कमिशनरनं, खेळाडूंच्या संघटनेनं तेव्हा काय केलं? उलट ती बातमी देणाऱ्यालाच लोकांनी धारेवर धरलं. १९२७ मध्ये बेब रूथनं ६० होम रन मारले, १९६१ मध्ये मॅरिसनं ६१. त्याखेरीज १९९७ पर्यंत एकाही खेळाडूनं साठी गाठली नव्हती. १९९८ ते २००१ या चार मोसमांत ती सहा वेळा पार झाली. हे कुणाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

स्टेरॉइड्सना बंदी असल्याचं पत्रक कमिशनर फे व्हिन्सेंट यांनी १९९१ मध्येच काढलं होतं. पण चाचणीच नव्हती, मग बंदीला अर्थ काय राहिला? खेळाडूंची संघटना चाचणीला विरोध करत राहिली आणि मालकांनीही फार जोर लावला नाही. नावं गुप्त ठेवून पहिली चाचणी झाली ती २००३ मध्ये. पकडलं गेल्यावर शिक्षा ही गोष्ट त्यानंतरची. तोपर्यंत बाँड्सचे ७३ होम रन होऊनही गेले होते.

व्हिन्सेंट यांच्यानंतर या सगळ्या काळात कमिशनरच्या खुर्चीत कोण होतं? बड सेलिग. त्यांच्याच काळात चाचणी सुरू झाली, स्टेरॉइड्सच्या चौकशीचा मिचेल अहवाल त्यांनीच मागवला, हे मी नाकारत नाही. पण हे सगळं तिजोऱ्या भरून झाल्यावर. त्याच सेलिग यांना तुमच्या समितीनं डिसेंबर २०१६ मध्ये निवडलं आणि २०१७ मध्ये त्यांचा कांस्यफलक लागला. टोनी ला रुसा ओकलंडमध्येही मॅग्वायरचे मॅनेजर होते आणि सेंट लुइसमध्येही. २०१३ मध्ये त्यांना १६ पैकी १६ मतं पडली. मॅग्वायरनं जानेवारी २०१० मध्ये स्टेरॉइड्स घेतल्याची कबुली दिली, आणि त्याच वर्षी ला रुसा यांच्याच हाताखाली तो सेंट लुइस कार्डिनल्सचा बॅटिंग कोच होता. म्हणजे खेळात तो परत येऊ शकला. एका पंगतीत सगळे जेवले आणि उठवलं मात्र पानावरच्या एक-दोघांना, असं हे झालं आहे.

डेव्हिड ऑर्टिझचंच बघा. २००३ च्या त्या गुप्त चाचणीच्या यादीत त्याचं नाव असल्याची बातमी २००९ मध्ये आली. त्या यादीतले काही निष्कर्ष खात्रीचे नव्हते, असं कमिशनर मॅनफ्रेड यांनी २०१६ मध्ये सांगितलं. ऑर्टिझला शंकेचा फायदा मिळाला आणि २०२२ मध्ये पत्रकारांच्या मतदानात पहिल्याच वर्षी ७७.९ टक्के मतं घेऊन तो आत गेला. तो गेला याचा मला आनंदच आहे, मोठा खेळाडू होता. पण त्याच मतदानात, आपल्या दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, बाँड्स ६६ टक्क्यांवर अडकला. हवे होते ७५. ज्याला बेसबॉलनं स्टेरॉइड्ससाठी एका दिवसासाठीही निलंबित केलं नाही, त्याला शंकेचा फायदा नाही.

दुसरी तक्रार तुमच्या मोजणीची. समितीतल्या प्रत्येकाला ८ पैकी जास्तीत जास्त ३ नावं निवडता येतात. म्हणजे मतं मिळून ४८. त्यातली ३५ केंट, डेलगाडो, मॅटिंग्ली आणि मर्फी यांना गेली. उरलेल्या चौघांसाठी, सगळ्यांनी सगळी मतं वापरली असं धरलं तरी, १३. चौघांना पाच-पाच मतं मिळायची तर २० लागतात. मतांची संख्या आधीच इतकी तोकडी ठेवायची, आणि वर पाच मतं नाहीत म्हणून माणसाला पुढच्या फेरीतून काढायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

आणि या कात्रीत सापडला कोण, तर फर्नांडो व्हॅलेन्झुएला. मी जायंट्सची. आमचे कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या डॉजर्सच्या खेळाडूची बाजू घेण्याची वेळ माझ्यावर सहसा येत नाही. पण मेक्सिकोतल्या एका खेड्यातून आलेला हा मुलगा १९८१ मध्ये आल्या आल्या सर्वोत्तम नवोदितही ठरला आणि सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराचा मानकरीही. त्यानं लॉस एंजेलिसमधला अख्खा मेक्सिकन समाज स्टेडियममध्ये आणून बसवला. दुसऱ्या देशातून येऊन या खेळात आपली जागा शोधणाऱ्या माझ्यासारखीला ते काय असतं हे चांगलं कळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो वारला. त्याचा स्टेरॉइड्सशी काडीचा संबंध नाही, तरी तुमच्या नियमानं त्यालाही २०२८ मधून काढलं. हा नियम ज्यांच्यासाठी केला असेल त्यांच्यासाठी असो, त्यात सुक्याबरोबर ओलंही जळतंय.

‘पाचपेक्षा कमी’ म्हणजे किती? चार की शून्य? ते सांगायला काय हरकत आहे? पत्रकारांच्या मतदानात एक मत पडलं तरी ते छापलं जातं.

तिसरी गोष्ट चारित्र्याची. खेळातली कामगिरी बघायचीच, पण सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्यही बघायचं, असं तुमचा नियम सांगतो. चांगला नियम आहे. तो सगळ्यांना सारखा लावा एवढंच माझं म्हणणं. काळ्या खेळाडूंसोबत मैदानात उतरायला नकार देणारा कॅप अ‍ॅन्सन १९३९ पासून तुमच्याकडे आहे. टॉम यॉकी यांच्या मालकीच्या रेड सॉक्सनं १९५९ पर्यंत एकाही काळ्या खेळाडूला मुख्य संघात खेळवलं नाही, सगळ्या संघांत शेवटी. तेही आत आहेत. गेलॉर्ड पेरी आमच्याच जायंट्सचा. चेंडूला थुंकी आणि चिकट पदार्थ लावत असल्याचं त्यानं खेळत असतानाच लिहून टाकलं होतं, आणि १९९१ मध्ये तुम्ही त्याला निवडलंत. त्यांना बाहेर काढा असं मी म्हणत नाही. ते बेसबॉलचा इतिहास आहेत, तिथेच असू द्या. फक्त आत जाण्यासाठी निष्कलंक असावं लागतं असं मग कुणाला सांगू नका.

स्टेरॉइड्सबद्दल तर तुम्ही कधी नियमच लिहिला नाहीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये तुमचे तेव्हाचे उपाध्यक्ष जो मॉर्गन यांनी मतदारांना पत्र पाठवून अशा खेळाडूंना मत देऊ नका असं विनवलं. मॉर्गन यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ती विनंती होती. सट्ट्याबद्दल बंदी आलेल्या पीट रोझच्या वेळी १९९१ मध्ये तुम्ही स्पष्ट नियम केला होता, बेसबॉलनं ज्याच्यावर बंदी घातली तो उभा राहू शकत नाही. पटो न पटो, तो लिहिलेला होता. बाँड्सचं नाव बंदीच्या यादीत कधीच नव्हतं. त्याला बाहेर ठेवायचं काम तुम्ही मतदारांच्या मर्जीवर सोडलंत.

आता बाँड्सच्या खेळाबद्दल. तुमच्यातल्या काहींना तो फक्त ७३ होम रनपुरता आठवतो म्हणून हे लिहावं लागतंय. १९९८ चा मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर ४११ होम रन होते, ४४५ बेस चोरलेले (पिचर चेंडू टाकत असताना धावून गाठलेले) होते, तीनदा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला होता आणि क्षेत्ररक्षणासाठी आठ गोल्ड ग्लव्ह. चारशे होम रन आणि चारशे चोरलेले बेस ही जोडी त्याच्याआधी कुणालाच जमली नव्हती. त्या उन्हाळ्यात देशाचं सगळं लक्ष सेंट लुइस आणि शिकागोकडे होतं, म्हणून ते झाकलं गेलं. त्याच वर्षी २८ मे रोजी फीनिक्सला काय झालं ते पुन्हा आठवा. नववी इनिंग, दोन आउट, अ‍ॅरिझोना ८–६ नं पुढे, आणि तिन्ही बेस भरलेले. बाँड्स बॅटिंगला आला. मॅनेजर बक शोवाल्टर यांनी त्याला मुद्दाम वॉक द्यायला सांगितलं. बेस भरलेले असताना वॉक म्हणजे हातानं एक रन देऊन टाकणं. त्यांनी ती दिली, पुढच्या बॅटरला आउट केलं आणि सामना ८–७ नं जिंकला. समोरचा संघ त्याला एवढा घाबरत होता, तोही बाल्कोचं नाव कुणी ऐकण्याच्या कितीतरी आधी. त्याची कारकीर्द तिथं थांबली असती तरी तुम्ही त्याला पहिल्याच वर्षी घेतलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो ऐकताना मलाही जड जातं. ज्यांनी काही घेतलं नाही त्यांचं काय? फ्रेड मॅकग्रिफ ४९३ होम रनवर थांबला. शरीर फुगवणाऱ्यांच्या त्या काळात त्याचे आकडे बारीक दिसायला लागले आणि पत्रकारांनी दहा वर्षं त्याला ताटकळत ठेवलं. फ्रँक थॉमसनं ५२१ मारले, आणि खेळत असताना स्वतःहून चौकशी करणाऱ्या मिचेल यांच्याशी बोलायला तयार झालेला तो एकटा खेळाडू. त्याचा राग मला पूर्ण मान्य आहे. आणि ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत, जे ट्रिपल-ए या मुख्य संघांखालच्या स्तरावर वर्षानुवर्षं वाट बघत राहिले आणि दुसऱ्या कुणाच्या इंजेक्शनमुळे वर येऊच शकले नाहीत, त्यांना तर कुणीच काही परत देऊ शकत नाही. हँक अ‍ॅरनचा कारकिर्दीतला ७५५ होम रनचा विक्रमही त्यात आलाच. १९७४ मध्ये रूथला मागे टाकताना त्यानं जीवे मारण्याच्या धमक्या सोसल्या होत्या. ७ ऑगस्ट २००७ च्या रात्री ७५६ वा होम रन गेला तेव्हा अ‍ॅरननं मोठ्या पडद्यावरून बाँड्सचं अभिनंदन केलं. सेलिग त्या रात्री मैदानात नव्हते. अ‍ॅरनचा तो मोठेपणा आठवला की अजूनही भरून येतं.

पण बाँड्सच्या नावाची जागा मोकळी ठेवून यातल्या कुणाला न्याय मिळाला? आम्ही सगळे एका सुट्टीत कूपर्सटाउनला आलो होतो. फलकांच्या दालनात माझी मुलगी एकेक चेहरा बघत, खालची अक्षरं वाचत पुढे जात होती. ज्याच्या नावाचा शर्ट घालून ती लहानपणी झोपायची तो तिला सापडेना. दालनात त्याबद्दल एक ओळही नाही. संग्रहालयाकडे ७५६ वा चेंडू मात्र आहे. तो विकत घेणाऱ्यानं ७,५२,४६७ डॉलर मोजले, लोकांचं मत घेऊन त्यावर विक्रम शंकास्पद असल्याची तारकेची खूण कोरली आणि २००८ मध्ये तुम्हाला दिला. चेंडू तुम्ही स्वीकारलात. मारणाऱ्याबद्दल मुलीला काय सांगायचं ते माझ्यावर सोडलंत. मी तिला सगळं सांगितलं, जवसाच्या तेलासकट. ते काम खरं तर तुमचं होतं.

अ‍ॅरन जजनं २०२२ मध्ये ६२ होम रन मारले तेव्हा खरा विक्रम त्याचाच, असं बरेच जण म्हणाले. कॅलिफोर्नियातल्या लिंडन गावात जायंट्सचा चाहता म्हणून वाढलेला हा खेळाडू. त्यानंच सांगितलं की विक्रम ७३ चाच आहे. मैदानातल्या माणसाला जे मान्य आहे ते मान्य करायला संग्रहालयाला अडचण का यावी?

माझ्या मागण्या अशा आहेत.

पाच मतांचा नियम मागे घ्या. बाँड्स, रॉजर क्लेमेन्स, गॅरी शेफील्ड आणि व्हॅलेन्झुएला, चौघांनाही २०२८ च्या विचारात येऊ द्या. समितीनं नाकारलं तर नाकारू दे, पण चर्चाच होऊ न देणं बंद करा.

समितीच्या मतदानातला प्रत्येक आकडा जाहीर करा, आणि कुणी कुणाला मत दिलं तेही. ८ नावांत ३ मतांची मर्यादा काढून टाका. एखाद्याला पाच जण पात्र वाटले तर त्याला पाच निवडता आले पाहिजेत.

स्टेरॉइड्सबद्दलचा नियम लिहा. माझ्या मते रेघ २००४ वर ओढावी. चाचणी आणि शिक्षा लागू झाल्यावर जे पकडले गेले आणि निलंबित झाले, त्यांनी नियम माहीत असून तो मोडला. अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ २०१४ चा पूर्ण मोसम बाहेर बसला, मॅनी रामिरेझ दोनदा सापडला. त्यांना वेगळं माप लावलंत तर मी तक्रार करणार नाही. पण ज्यांच्यावर बेसबॉलनं कधी कारवाईच केली नाही, त्यांना तुम्ही मागाहून शिक्षा करू नका. तुम्हाला रेघ दुसरीकडे ओढायची असेल तर ओढा, फक्त ती कागदावर आणा आणि कमिशनर, मालक, मॅनेजर या सगळ्यांना लावा.

बाँड्सचा फलक लावाल तेव्हा त्यावर सगळं लिहा. ७६२ लिहा, ७३ लिहा, आणि त्याच फलकावर बाल्कोही लिहा. सेलिग यांच्या फलकावरही त्यांच्या कारकिर्दीतल्या स्टेरॉइड्सचा उल्लेख असू द्या. शेजारी मॅकग्रिफ आणि थॉमस यांची गोष्ट सांगा. स्टेरॉइड्सपायी गेलेल्या त्या मुलांच्या आईवडिलांनी काँग्रेससमोर जे सांगितलं, ते संग्रहालयात येणाऱ्या प्रत्येक शाळकरी मुलाला वाचता येईल असं मांडा.

आणि हे बाँड्स हयात असताना करा. पीट रोझ सप्टेंबर २०२४ मध्ये गेला आणि काही महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, बेसबॉलनं त्याच्यावरची बंदी उठवली. मेल्यावर दार उघडून त्याला काय मिळालं?

संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत या मागण्या घ्याव्यात आणि जे ठरेल ते कारणांसह जाहीर करावं, अशी विनंती आहे. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना पटलं त्यांनी कृपया स्वतःच्या नावानं, स्वतःच्या शब्दांत संचालक मंडळाला लिहावं. ज्यांना पटलं नाही त्यांनीही लिहावं, कारण नियम उघडपणे ठरावेत ही मागणी दोघांचीही असू शकते.

आपली,
एक जायंट्सप्रेमी
फ्रीमाँट, कॅलिफोर्निया